कवळाण्याचा पोरगा आणि बडोद्याचा राजवाडा

आमच्याकडे मालेगाव-सटाणा पट्ट्यात सयाजीराव गायकवाडांचं नाव निघालं की म्हाताऱ्या माणसांचा आवाज जरा चढतो. बडोद्याचे महाराज वगैरे नंतर, आधी ते 'आपल्या कवळाण्याचे'. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली, मग गायकवाडांच्या लांबच्या भाऊबंदातली पोरं शोधत माणसं कवळाण्याला आली आणि तिथून तीन भाऊ बडोद्याला नेले. तुम्ही इथं कशाला आलात असं विचारल्यावर बाकीचे दोघं काहीतरी बोलले आणि मधला गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, म्हणाला, राज्य करायला. खरंच असं म्हणाला की नाही देव जाणे, पण आमच्याकडे ही गोष्ट सांगताना 'राज्य करायला' हे दोन शब्द सांगणारा असे काही ठासून म्हणतो की तो स्वतः तिथं उभा होता असं वाटावं. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं तेव्हा पोराचं वय बारा, आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. इलियट नावाच्या साहेबाने मग त्याला शिकवलं.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे बडोद्याचा तो राजवाडा, बघायला गेले. त्यामुळे टुरिस्टसारखं बघणं काही मला जमलं नाही. एखाद्या भाऊबंदाने शहरात बंगला बांधलाय म्हटल्यावर माणूस कसा जातो, कौतुकही असतं आणि खर्च किती केलाय हेही डोळा तिरका करून बघत असतो, तसं काहीसं. सोबत आतेबहीण होती, तिचा जन्मच दांडिया बाजारातला, तिला पॅलेसचं काडीचं अप्रूप नाही. "आम्ही शाळेच्या ट्रिपला आलो होतो, तेव्हापासून तेच झुंबर आहे, चाल ने पटकन बघून घे" असं तिने गेटवरच सांगितलं. बडोद्याच्या मराठीत हा 'ने' कुठेही येतो आणि ऐकायला फार गोड वाटतो.

गेटमधून आत गेल्या गेल्या राजवाडा दिसतच नाही, मला हेच सगळ्यात आवडलं. आधी झाडं. मग रस्ता वळतो, मग मोठं हिरवळीचं मैदान, मग परत झाडांचा एक पुंजका आणि त्याच्या वर तेवढा मनोऱ्याचा शेंडा. परत वळण. असं करत करत एकदम ती दीडएकशे मीटरपेक्षा लांब वाटणारी इमारत समोर येते आणि आपण नकळत थांबतो. हे काही आपोआप झालेलं नाहीये. बाग आखायला विल्यम गोल्डरिंग नावाचा माणूस आणला होता, तो आधी लंडनजवळच्या क्यू गार्डन्समध्ये होता. आपल्याकडची राजेशाही बाग म्हटलं की डोळ्यासमोर चारबाग येते, मधून पाण्याचे पाट, दोन्हीकडे सारखी झाडं, सगळं फूटपट्टीने आखलेलं. गोल्डरिंगची पद्धत बरोबर उलटी. सरळ रेष कमीत कमी, बाग बाग वाटूच द्यायची नाही, जणू आधीपासूनच इथं असं रान होतं आणि कुणीतरी त्यात घर बांधलं. म्हणजे माणसाने घाम गाळून केलेलं काम माणसाने केलेलंच नाही असं दाखवायचं. इंग्रज लोकांचा हा एक खास षोक आहे आणि मला तो पटतो की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. पण त्या वळणांवरून चालताना मजा येते हे खरं.

मोर भरपूर. लंगूरही. एका मोठ्या झाडाखाली माळीकाका पाईप सरळ करत होते आणि तीन माकडं शेजारी बसून अगदी गंभीरपणे ते काम तपासत होती. मी फोटो काढायला गेले तर त्यातलं एक उठून माझ्याकडे यायला लागलं, मग म्हटलं राहू दे.

आता इमारतीबद्दल. बडोद्यात कुणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच येणार की हा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे. ऑडिओ गाईड, रिक्षावाला, आतेबहीण, सगळे. मला या तुलनेत काही रस नाही, चौपट असला काय आणि अडीचपट असला काय. मला रस होता तो हा राजवाडा आखणाऱ्या मेजर चार्ल्स मँटमध्ये, कारण हा माणूस आपल्या कोल्हापूरचा. म्हणजे जन्माने नाही, पण कोल्हापूरचा न्यू पॅलेस त्याचाच, टाऊन हॉल त्याचाच. ज्यांनी कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघितलाय त्यांना बडोद्यात उभं राहिल्यावर लगेच ओळख पटते, तीच जात, फक्त इथं हात जास्त सैल सोडलाय. राजपूत झरोके, मुघल घुमट, गुजराती देवळातल्यासारखे कोरलेले ब्रॅकेट, मध्येच युरोपातल्या चर्चसारख्या कमानी, आणि हे सगळं एकाच भिंतीवर. इंडो-सारासेनिक म्हणतात या प्रकाराला. कागदावर वाचलं तर खिचडी वाटते, समोर उभं राहिलं तर नाही वाटत, कारण दगडाचा रंग सगळ्याला सांभाळून घेतो. सोनगडचा पिवळसर दगड, आग्र्याचा लाल, पुण्याकडचा निळसर काळा, राजस्थानचा संगमरवर. ऊन कलतं तसा पिवळा दगड पुढे येतो आणि बाकीचे मागे जातात, हे मी तिथे बाकावर बसून बराच वेळ बघत होते आणि आतेबहीण मोबाईलवर रील बघत होती.

मँटला हे घर पूर्ण झालेलं दिसलं नाही. तो १८८१ मध्ये गेला. सांगतात असं, की आपल्या हिशोबात चूक झालीये आणि बांधलेलं सगळं कोसळणार या भीतीने त्याचं डोकं फिरलं आणि त्याने जीव दिला. नंतर मद्रासहून रॉबर्ट चिझम आला, त्याने काम पुरं केलं, १८९० मध्ये. मँटच्या इमारती अजून उभ्या आहेत, कोल्हापूरची पण आणि ही पण. २००१ चा भूकंप गुजरातेत झाला, तरीही. ऑडिओ गाईडमध्ये ही गोष्ट दोन वाक्यांत येते आणि लगेच पुढे झुंबराचं वजन वगैरे सुरू होतं. मी बटण दाबून परत ऐकली. एवढी मोठी इमारत आपल्याच डोक्यातून निघालेली, तिच्या सावलीत झोप न लागणारा तो माणूस, हे माझ्या मनातून दिवसभर गेलं नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. काम सुरू झालं तेव्हा सयाजीरावांच्या हातात अजून राज्य नव्हतंच. दिवाण टी. माधवराव कारभार बघत होते, सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ ला. म्हणजे जो पोरगा अजून धडे गिरवत होता त्याच्यासाठी मोठ्या माणसांनी ठरवलं की याला एवढं घर लागेल. कवळाण्याच्या पोराने स्वतःच्या हौसेने हा डोंगर उभा केला असं आमच्याकडे जे सांगतात ते तितकंसं बरोबर नाही. त्याला तो आयताच मिळाला, अर्थात नंतर त्याने काही नको म्हटलं नाही. खर्च १,८०,००० पौंड असा आकडा सगळीकडे दिलेला असतो.

आत गेलं की शस्त्रं. तलवारी, कट्यारी, भाले, अमुक बादशहाची तलवार, तमुक शहाची तलवार. मला शस्त्रांतलं काही कळत नाही आणि काचेमागे तलवार ठेवली की सगळ्या सारख्याच दिसतात, तेव्हा पुढे.

गादी हॉल मात्र बघाच. एवढ्या सगळ्या थाटामाटात राज्याभिषेकाची जागा म्हणजे काय तर खाली घातलेली गादी आणि लोड. सिंहासन नाही, सोन्याचे सिंह नाहीत. मराठ्यांची गादी. या एका खोलीत ते घर मला थोडं आपलं वाटलं, बाकी ठिकाणी आपण कुणाच्या तरी इटालियन स्वप्नात फिरतोय असं वाटतं. जिन्यांवरचे पुतळे फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराचे, काचा बेल्जियमच्या, दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली.

या दरबार हॉलबद्दल थोडं थांबून सांगते. हॉल प्रचंड आहे आणि मध्ये एकही खांब नाही. वर गॅलऱ्या, तिथून राजघराण्यातल्या बायका खालचं गाणं ऐकायच्या. फरशी म्हणजे मोझेक, छोटे छोटे तुकडे बसवून केलेली, आणि वर्षानुवर्षं पावलं पडून ती अशी झालीये की लांबून गालिचा वाटतो. दुपारी खिडक्यांच्या रंगीत काचांमधून उजेड त्या फरशीवर पडतो. माझ्या पुढे एक चार-पाच वर्षांची मुलगी होती, ती निळ्या डागावरून लाल डागावर उड्या मारत होती आणि तिची आई गार्ड बघतोय म्हणून तिला ओढत होती. गार्ड काही बोलला नाही. काचांवरची चित्रं आपल्या देवादिकांची आहेत पण काढणारा हात तिकडचा, त्यामुळे देवांचे चेहरे किंचित परके वाटतात. इथे मोठमोठ्या गवयांचं गाणं झालंय. बडोदा दरबारात फैयाज खाँ होते, त्याआधी मौलाबक्ष होते ज्यांनी इथे गायनशाळा चालवली. त्या रिकाम्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर असं वाटतं की स्पीकरवरचं हे मंद इन्स्ट्रुमेंटल बंद करून एखादी जुनी रेकॉर्ड लावायला काय हरकत आहे. पण नाही. फोटो काढायलाही बंदी आहे आत, जे मला एका अर्थी बरंच वाटलं कारण लोक जरा भिंतीकडे बघतात तरी.

आणि हो, मनोऱ्यावर घड्याळ बसवायचं ठरलं होतं, ते बसवलंच नाही, टोले ऐकून झोपमोड होईल म्हणून. त्याऐवजी वर लाल दिवा, महाराज घरी असले की लागणार. असं ऑडिओ गाईड सांगतो. आमच्याकडे सरपंच घरी आहे की नाही ते बाहेरच्या चपलांवरून कळतं.

राजवाड्यात जेवढं बघायला मिळतं ते खरं तर थोडंच आहे, कारण घराण्यातली मंडळी अजून तिथेच राहतात. दोर लावलेला असतो, दोराच्या पलीकडे कुणाचं तरी घर. एका दारातून आतला चौक दिसतो, कारंजं, कुंड्या, केळीसारखी मोठ्या पानांची झाडं, आणि तिथला गारवा दारातूनच अंगावर येतो. बाहेर भाजून निघत होतो आणि आत तो चौक. मला वाटतं गोल्डरिंगच्या सगळ्या लॉनपेक्षा तो एक चौक जास्त शहाणा आहे. उन्हाच्या देशात घर कसं असावं हे त्याला कळलंय.

आवारातच फतेहसिंग म्युझियम आहे. ही इमारत मुळात राजपुत्रांची शाळा, पोरांना शाळेत न्यायला आवारात छोटी रेल्वे फिरायची. रेल्वे! आम्ही शाळेत चालत जायचो आणि तेही पावसाळ्यात चपला हातात धरून, असो. म्युझियममध्ये जायचं ते रविवर्म्यासाठी. हा माणूस १८८१ मध्ये सयाजीरावांच्या अधिकारग्रहणाच्या वेळी बडोद्याला आला, पुढे महाराजांनी त्याच्याकडून रामायण-महाभारतातल्या चौदा चित्रांची मालिका करून घेतली, त्याला काम करायला आवारातच स्टुडिओ बांधून दिला. ती चित्रं दरबारात जायच्या आधी लोकांना बघायला ठेवली तेव्हा झुंबड उडाली होती. नंतर १८९४ मध्ये त्याने मुंबईला गिरगावात छापखाना काढला, मग तो आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथून जे रंगीत कागद निघाले ते घराघरात गेले.

माझ्या आजीच्या देव्हाऱ्यामागे असंच एक चित्र होतं, कडा कुरतडलेल्या, हळदीकुंकवाचे डाग. त्यामुळे म्युझियममध्ये शिरताना वाटलं होतं की हे तर माहितीचंच आहे. पण कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर कळतं की छापील कागदाने आपल्याला काय काय दिलं नव्हतं. 'सीता भूमिप्रवेश' बघा. सीतेला पृथ्वी पोटाशी धरून खाली नेतेय, वर राम अर्धवट पुढे झुकलेला. त्याचा हात पुढे आलाय पण पोचणार नाहीये, आणि ते त्यालाही कळलंय. छापील चित्रात राम म्हणजे राम असतो, मुकुट, दागिने, संपलं. इथे तो उशीर झालेला नवरा आहे. मी तिथे उभी असताना आतेबहीण येऊन शेजारी उभी राहिली आणि फोन पर्समध्ये टाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आता धावून काय उपयोग?" आर्ट क्रिटिक लोकांनी याहून जास्त काय लिहिलं असेल मला माहिती नाही. 'शंतनू आणि मत्स्यगंधा'मधली मत्स्यगंधा पण बघण्यासारखी, राजा समोर उभा आणि हिच्या चेहऱ्यावर भुलल्याची खूण नाही.

म्युझियममधून बाहेर आलो तर समोर परत ते लॉन. दुपारचे तीन, बडोद्याचं ऊन, आणि ते हिरवंगार. पाईप सुरूच होते. आणि इथे माझ्यातली मालेगाववाली जागी झाली, कारण आम्ही पाण्याच्या बाबतीत लहानपणापासून कंजूष. आमच्या तिकडे टँकर येतो. हिरवळ बघितली की आम्हाला हिरवळ दिसत नाही, लिटर दिसतात.

राजवाडा पुरा झाला १८९० मध्ये. नऊ-दहा वर्षांनी १८९९-१९०० चा दुष्काळ आला, गुजराती लोक त्याला छप्पनियो म्हणतात, विक्रम संवत १९५६ होतं म्हणून. तोपर्यंत गुजरातेत दुष्काळ म्हणजे दुसऱ्यांच्या मुलखातली गोष्ट असा समज. बडोदा संस्थानाची १८९१ ची खानेसुमारी चोवीस लाखांच्या वर, १९०१ ची साडेएकोणीस लाख. साडेचार लाखांवर माणूस कमी झालं. मेलं, निघून गेलं, जन्मलंच नाही, सगळं धरून. त्या वर्षी या लॉनवर पाईप होता का? कुठे लिहिलेलं असेल तर मला वाचायचंय. ऑडिओ गाईडमध्ये तो दुष्काळ नाही.

पण लगेच हेही सांगायला हवं, नाहीतर फुकटची टीका होईल. याच राजाने शहरासाठी आजव्याचा तलाव बांधला, सयाजी सरोवर, राजवाड्याच्याच काळात, आणि त्याचं पाणी बडोद्याच्या नळांना आजही येतं. आत्याच्या घरी येतं. याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. बारा वर्षांपर्यंत अक्षर न कळलेल्या पोराने. इंग्रज सरकार तेव्हा ब्रिटिश मुलखात हे करायला तयार नव्हतं. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा त्याने त्याच्याही आधी काढल्या, शिकवायला सवर्ण मास्तर मिळेनात तेव्हा मुसलमान मास्तर नेमले. तर हा माणूस आणि हे लॉन, दोन्ही एकाचेच. मला या दोन्हींची बेरीज करता येत नाही आणि वजाबाकीही करता येत नाही.

आवाराच्या एका बाजूला नवलखी वाव आहे, वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, ती बघायला ओळख लागते. आमची आत्याच्या शेजाऱ्यांमुळे सोय झाली. राजवाडा बांधला त्याच्या जवळजवळ पाच शतकं आधीची, शिलालेखात १४०५ साल निघतं, म्हणजे गुजरातची सल्तनत नुकती आकाराला येत होती तेव्हाची. वरून बघितलं तर जमिनीत एक लांबट खड्डा. पायऱ्या उतरायला लागलं की खांब सुरू होतात, एक मजला, अजून एक मजला, पण मजले वर चढायच्या ऐवजी खाली उतरतात. प्रत्येक टप्प्यावर हवा थंड होते. दगडावर फार नक्षी नाही, खांब ठोकळेबाज, काम कामापुरतं. कडेला पायऱ्यांची कोर झिजून गोल झालेली, आणि ती मधोमध झिजलेली नाहीये, भिंतीच्या बाजूला जास्त झिजलीये. भरलेली घागर घेऊन वर चढणारी बाई भिंतीचा आधार घेत चढली असेल, एवढाच त्याचा अर्थ मला लागला. मी तिथे पाय ठेवून बघितला, बरोबर बसतो.

खाली पाणी आहे. हिरवं, वर शेवाळ आणि एक प्लॅस्टिकची बाटली, पण आहे. वर दोनशे पावलांवर पाईपने भिजणारं लॉन आणि खाली ही. आतेबहीण जन्मापासून बडोद्यात, नवलखीच्या मैदानावर नवरात्रात गरबा खेळून तिचे तळवे सोलून निघालेत, पण ज्या वावेवरून मैदानाला नाव पडलं ती तिने पहिल्यांदा बघितली. "एवढं खोल आहे होय," एवढंच म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र तिने सगळ्यांना फोन करून सांगितलं.

संध्याकाळी कमाटीबाग. आता सयाजीबाग म्हणतात पण आत्या कमाटीबागच म्हणते. ही पण सयाजीरावांचीच, १८७९ ची, पण लोकांसाठी. राजवाड्यात जे जे मिळत नाही ते इथं आहे. गवतावर बसता येतं. डबा उघडता येतो. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे, बाहेर पोरांची झुकझुकगाडी आहे, आणि पुलावरून खाली विश्वामित्री नदी दिसते जिच्यात खरोखरच्या मगरी आहेत. भर शहरात! पावसाळ्यात त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात आणि बडोदेकर त्याबद्दल असं बोलतात जसं आपण पालीबद्दल बोलतो. गोल्डरिंगच्या लॉनवर दिवसभरात मला बसलेला माणूस दिसला नव्हता, इथं चटई पसरायला जागा नव्हती. म्हाताऱ्यांचा एक अड्डा, त्यात दोघं मराठीत भांडत होते, तिसरा गुजरातीत मध्ये पडत होता. बाग कुणाची चांगली, तर ही, माझ्यापुरता निकाल लागला. आम्ही बाहेरून सेवउसळ बांधून आणली. त्यातली उसळ आपली, वरची शेव त्यांची, तिखट दोघांचं.

याच बागेत संकल्पभूमी आहे. एक वडाचं झाड, तिथं दर २३ सप्टेंबरला लोक जमतात. सयाजीरावांनी १९१३ मध्ये ज्या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तो, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर, करार होता म्हणून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीला आले. शहरात राहायला जागा देईना कोणी. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम, संध्याकाळी परत त्या अंधाऱ्या खोलीत. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत सोडतो म्हणून सांगितलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिश्चन मित्र, दोघांनी काही ना काही कारण सांगितलं. मुंबईची गाडी रात्री नऊला, हातात पाच तास, आणि ते पाच तास ते या बागेत बसून होते. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आईवडिलांची आठवण आली हेही लिहिलंय.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतंच. पण सकाळी राजवाडा, आवारातले बंगले, पोरांची शाळा, शाळेची रेल्वे, चित्रकाराचा स्टुडिओ, हे सगळं पायाने फिरून आल्यावर त्या झाडाखाली उभं राहणं वेगळं पडतं. रविवर्म्याला जागा झाली होती, इटालियन शिल्पकाराला झाली होती. आणि बाबासाहेबांनी सरकारी बंगल्यासाठी रीतसर अर्जही केला होता, दिवाणाकडे, तो तिथेच लोंबकळत राहिला. महाराजांच्या मनात नव्हतं असं कोण म्हणेल. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसमोर हे बोललं तर ते चिडतील, म्हणतील महाराजांनी स्कॉलरशिप दिली ते बघ की. बघितलं. पण अमेरिकेचं भाडं एका सहीने सुटतं आणि गावातली एक खोली सुटत नाही, हे राजालाही कळलं असणारच.

रात्री जेवताना मी हा विषय काढला. आतेबहीण म्हणाली, "राजा काय घरोघर जाऊन सांगणार होता का, याला भाड्याने घर द्या म्हणून?" मी म्हटलं घरोघर कशाला, स्वतःची एवढी घरं होती. ती म्हणाली, "हां, ते आहे." मग आत्या, जी इतका वेळ पोळ्या करत होती आणि मला वाटलं ऐकतच नाहीये, ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "आता काय वेगळं आहे गं? तू पुण्यात फ्लॅट घेतलास, तुला कोणी विचारलं नसेल. आपलं आडनाव चालतं."

आतेबहिणीचा मुलगा सध्या भाड्याने फ्लॅट शोधतोय, ऑफिसमधला मित्र आणि तो मिळून. तिने मोबाईल उघडून ब्रोकरचा मेसेज दाखवला. बजेट किती, कुठला एरिया, टू बीएचके की थ्री, हे सगळं खाली होतं. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, 'दोघांची पूर्ण नावं पाठवा, आडनावासहित.'